खोकला कधीपासून आहे?

नमस्कार मंडळी. सर्दी-तापानंतरचा खोकला दोन-तीन आठवडे रेंगाळतो. ताप उतरतो, अंगदुखी जाते, पण श्वासनलिका हुळहुळी राहते. फोडणीचा ठसका लागला की उबळ येते. बहुतेकदा तो आपला आपण जातो. आपला धीर मात्र चौथ्या दिवशीच सुटतो आणि आपण मेडिकलच्या दुकानात उभे: ‘खोकल्याचं काहीतरी द्या हो.’ माझी तक्रार इथेच आहे. कित्येक बाटल्यांत कफ सुटायचं औषध असतं आणि त्याच बाटलीत खोकला दाबायचंही!

एक काकू आल्या होत्या. तीन महिने कोरडा खोकला, रात्री उठून बसायच्या, सगळं घर जागं. पिशवीतून एकेक वस्तू टेबलावर निघाली: अडुळसा, ज्येष्ठमध, सितोपलादी, तीन रंगांची तीन सिरप. छाती साफ, एक्स-रे स्वच्छ. म्हटलं, ‘रोजची गोळी कुठली घेता?’ ‘ती बीपीची हो, तिचा काय संबंध?’ डबीत कात्रीने कापलेले पट्टीचे तुकडे. नाव नेमकं कापलेल्या भागावर गेलेलं. (दुकानदारांना माझी हात जोडून विनंती आहे, नाव आणि मुदत राहील असं कापा. आणि तुम्हीही पावती जपून ठेवा.) सुनेने घरून पावतीचा फोटो मागवला, तेव्हा कळलं: एनालाप्रिल. या गटातल्या गोळ्यांनी काहींना असाच कोरडा खोकला लागतो, कधी सुरू केल्यावर काही महिन्यांनीसुद्धा. गोळी बदलली आणि काही आठवड्यांत काकू रात्रभर झोपू लागल्या. मात्र बीपीची गोळी स्वतःहून बंद करू नका. डॉक्टरांना विचारून बदला.

चिठ्ठी आलीय, वेळ संपत आलाय. डॉक्टरकडे कधी जायचं, ते आता भराभर सांगतो.

थुंकीतून रक्त, धाप, छातीत दुखणं, बाळाच्या बरगड्या श्वासागणिक आत ओढल्या जाणं: त्याच दिवशी जा. खोकल्याला दोन आठवडे झाले, की टीबीसाठी बेडका तपासा. सरकारी दवाखान्यात ही तपासणी फुकट होते. संध्याकाळचा ताप, रात्रीचा घाम, उतरणारं वजन असेल तर दोन आठवडेही थांबू नका. रॉबर्ट कॉखने 24 मार्च 1882 ला क्षयाचा जंतू जगासमोर ठेवला, तरी ‘आमच्या घराण्यात टीबी नाही’ हे मला आजही ऐकावं लागतं. टीबी हवेतून येतो हो, वंशावळ बघून नाही! साधा टीबी सहा महिन्यांच्या औषधाने बरा होतो, गोळ्या मध्येच सोडल्या नाहीत तर.

आठ आठवड्यांपुढे दमा, नाकामागून घशात उतरणारा स्राव, आम्लपित्त हेही शोधावं लागतं. बिडी-सिगारेटवाल्यांचा आणि चुलीपुढे आयुष्य गेलेल्या बायकांचा खोकला ‘नेहमीचाच’ म्हणून सोडू नका.

लहान मुलांना मनाने सिरप पाजू नका. 2025 मध्ये छिंदवाड्यात विषारी सिरपने मुलं दगावली. वर्षापुढच्या मुलाला झोपताना चमचाभर मध चालेल, त्याआधी मुळीच नको.

बेडका देताना सकाळी उठल्यावर चूळ भरा, खोल श्वास घ्या आणि छातीतून खाकरून काढा. तोंडातली लाळ देऊ नका, तिच्यात काही सापडत नाही.