फरशीवर पाणी येण्याआधी

(दृश्य : पहाट. राजाराम बंधारा. भिंतीवरची मोजपट्टी, तिला घासून जाणारं गढूळ पाणी.)

ही मोजपट्टी कोल्हापुरात शाळकरी पोरांनाही तोंडपाठ असते. ३९ फूट म्हणजे इशारा, ४३ फूट म्हणजे धोका. २०१९च्या ऑगस्टमध्ये पंचगंगा इथं ५५ फुटांच्या वर गेली. शिरोलीजवळ महामार्ग पाण्याखाली गेला, आणि प्रयाग चिखली, आंबेवाडीत होडीशिवाय जाता येईना. २०२१च्या जुलैत पुन्हा तेच.

अशा वेळी ज्या बाईचे दिवस भरत आलेत, तिला गावाबाहेर कुणी काढायचं आणि कधी? हे पाऊस सुरू झाल्यावर ठरवायला बसलं तर उशीर होतो. म्हणून आम्ही कॅमेरा घेऊन गेलो ते मे महिन्यात, करवीर तालुक्यातल्या एका प्राथमिक आरोग्य केंद्रात.

(दृश्य : आवारातलं चिंचेचं झाड. पायऱ्यांवर चपलांची रांग. आत वर्ग.)

वर्गात वैद्यकीय अधिकारी आहेत, आरोग्यसेविका, औषध निर्माण अधिकारी, आशाताई, रुग्णवाहिकेचे चालक मामा. विषय आहे दवाखाना चालवणं.

एमबीबीएसची साडेचार वर्षं आणि वर एक वर्ष इंटर्नशिप. एवढ्या काळात डॉक्टर छातीचे ठोके ओळखायला शिकतो. मग नेमणूक होते, आणि एका सकाळी त्याच्या टेबलावर सगळं येऊन पडतं : सुमारे ३० हजार लोकवस्ती, पाच-सहा उपकेंद्रं, कर्मचाऱ्यांच्या रजा, औषधांची मागणी, रुग्ण कल्याण समितीचा हिशेब, गाडीचं डिझेल. यातलं फारसं काही त्यानं हातानं कधी केलेलं नसतं. ही त्याची चूक नव्हे. आजवर आपण हे शिकवण्याजोगं फारसं मानलं नाही.

(दृश्य : औषध भांडार. रॅक रिकामं होतंय. जमिनीवर सतरंजी, तिच्यावर खोक्यांचे ढीग.)

पहिला धडा भांडारात. रॅकवरचं सगळं खाली उतरवायचं. ओआरएसची पाकिटं, पॅरासिटामॉल, लोहाच्या गोळ्या. नवं खोकं आलं की हाताला सोपं म्हणून ते पुढं ठेवलं जातं, आणि जुनं मागं सरकत सरकत भिंतीला टेकतं. मुदत तिथंच संपते.

औषध निर्माण अधिकारी ताई प्रत्येक खोक्यावर लाल मार्करनं मुदतीचा महिना आणि वर्ष लिहितायत, लांबून दिसेल एवढ्या ठळक अक्षरात. ज्याची मुदत आधी संपणार ते पुढं आणि आधी बाहेर. जे तीन महिन्यांत वापरून होणार नाही असं दिसतंय, त्याची वेगळी यादी. शेजारच्या केंद्राला ते लागत असेल तर आजच फोन. त्यांचे हात बघा. एक खोकं त्यांनी दोनदा उचललं, दोनदा वाचलं, मगच जागेवर ठेवलं.

(दृश्य : लसींचा शीतकपाट. झाकण उघडतं, थंड वाफ. तापमापी जवळून.)

हा आयएलआर, म्हणजे लसींचा खास फ्रीज. लसी इथं २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये ठेवायच्या. पेंटाव्हॅलेंट, हिपॅटायटिस बी, टीडी या लसी गोठल्या की निकामी होतात, म्हणून त्या तळाशी कधी ठेवायच्या नाहीत. तापमान सकाळ-संध्याकाळ वहीत लिहायचं, रविवार असो की दिवाळी.

इथं कॅमेरा वहीवर थांबलाय, आणि तो थांबायलाच हवा. आठवड्यातले सहा दिवस वेगवेगळ्या शाईत आहेत. रविवारचे सगळे रकाने मात्र एकाच पेनानं, एकाच बसणीत भरल्यासारखे.

डॉक्टर मॅडम हे बघतात. अशा वेळी सगळ्यांसमोर झापायची आपल्याकडे रीतच आहे, आणि समोरचे दोघे खाली मान घालून उभेही राहिलेत. मॅडम विचारतात, "रविवारी ह्या खोलीची किल्ली कुणाकडं असते?"

थोडा वेळ कुणी बोलत नाही. मग कळतं, किल्ली ज्यांच्याकडं असते त्यांचं घर दुसऱ्या गावात आहे, आणि रविवारी तिकडून एसटी नाही.

दुसरी किल्ली त्याच दिवशी करून आणली. ती आता आवारातच राहणाऱ्या सिस्टरांकडं असते. नेतृत्व हा फार मोठा शब्द झालाय, त्याच्यावर भाषणं होतात. आम्हाला ते या एका प्रश्नात दिसलं.

(दृश्य : ओपीडी. केसपेपरची खिडकी. नऊवारीतल्या आजी, शेजारी तरुण डॉक्टर, हातात घड्याळ.)

दुसऱ्या दिवशीचा अभ्यास साधा आहे. डॉक्टरनं एका पेशंटचा हात धरून दारापासून दारापर्यंत चालायचं. आजींना साखरेचा त्रास आहे. केसपेपर, मग बाकडं, मग तपासणी, रक्त द्यायला पलीकडची खोली, परत बाकडं, शेवटी औषधाची खिडकी. आजी वाटेत तीनदा विचारतात, "आता कुठं जायाचं, बाळा?" डॉक्टर खडूनं फरशीवर एकेक टप्पा लिहीत जातो. सगळं मिळून पावणेदोन तास, आणि त्यात डॉक्टरांसमोर ३ मिनिटं.

हे त्याला कुणी सांगितलं असतं तर त्यानं ऐकून सोडून दिलं असतं. आजींबरोबर तो स्वतः बाकड्यावर बसला. संध्याकाळी त्यानंच सुचवलं, साखर-रक्तदाबाच्या जुन्या पेशंटांचं रक्त आल्या-आल्या घेऊ, तपासणी नंतर.

आता तिथं रांग कमी असते, आणि मुदत संपलेल्या औषधांची पेटीही हलकी झालीय.

(दृश्य : खुर्च्या गोल. भिंतीवर तालुक्याचा हातानं काढलेला नकाशा.)

शेवटची बैठक पुराची. एका आशाताईकडं साधारण हजार लोकांचं गाव. तिच्या वहीत प्रत्येक गरोदर बाईचं नाव आणि प्रसूतीची अंदाजे तारीख असते. सगळ्या वह्या आज जमिनीवर उघडल्यात. जुलै आणि ऑगस्टच्या तारखा वेगळ्या काढून नकाशावर टिकल्या लावायचं काम चाललंय. खऱ्याच टिकल्या आहेत, आशाताईंच्या पर्समधल्या.

मॅडम म्हणतात, इशारा पातळी आली की गाडी काढायची. सगळे माना डोलावतात. दाराजवळ उभे असलेले चालक मामा तेवढ्यात घसा खाकरतात. अशा बैठकीत त्यांना खुर्ची पहिल्यांदाच मिळालीय, पण ते अजून उभेच आहेत.

"बंधाऱ्यावर किती पाणी हाय ते नका बघू, मॅडम. आमच्या ओढ्यावरच्या फरशी पुलावर त्याच्या आधी येतंय. एकदा फरशी गेली की गाडी हिकडं, आन् बाई तिकडं."

मॅडम खडू त्यांच्या हातात देतात.

(दृश्य : मामांचा हात, जवळून. नकाशावर ओढा. त्यावर एक आडवी रेघ.)

मामा रेघ मारतात. रेघेपलीकडच्या टिकल्या मोजतात. चार. मग खिशातून डायरी काढून त्या चौघींची नावं आशाताईकडून एकेक विचारून लिहून घेतात.