मुळांच्या हाताशी नत्र

(दृश्य: मुरबाड तालुका, पाण्याने भरलेली खाचरं, आवणी)

ठाणे जिल्ह्यातला मुरबाड तालुका. शेतात पाणी धरून करायची चिखलणी उरकली, भाताची आवणी, म्हणजे रोपांची लावणी, सुरू झाली. राबातून, म्हणजे रोपं वाढवलेल्या वाफ्यातून, उपटलेल्या रोपांची मूठ सुटते आणि दोन-तीन रोपांचा एकेक चूड अंगठ्याने चिखलात रोवला जातो. उपटताना या रोपांची बरीच मुळं तुटली आहेत. आवणीनंतर पहिले काही दिवस शेत पिवळट दिसतं ते त्यामुळेच. जमिनीत नत्र आहे, पण ते घ्यायला मुळंच नाहीत.

(दृश्य: ओहोळाच्या पाण्यात धुतलेला चूड)

हा चूड तीन आठवड्यांनंतरचा. बुंध्यातून फुटलेली पांढरी मुळं अगदी नवी आहेत. जुन्या मुळांवर तांबूस थर दिसतोय, तो रोग नव्हे. भाताच्या मुळांत हवेच्या पोकळ्या असतात. पानांकडून आलेला ऑक्सिजन त्यांतून खाली उतरतो, मुळाबाहेर झिरपतो आणि चिखलातलं लोह मुळावरच गंजून बसतं. ज्या चिखलात ज्वारी-तूर गुदमरून जाईल, तिथे भात उभा राहतो तो या पोकळ्यांच्या जोरावर.

(दृश्य: खाचराचा उभा छेद)

बहुतेक मुळं वरच्या वीतभर मातीतच आहेत. खाली वर्षानुवर्षांच्या चिखलणीने दडपलेला घट्ट थर लागतो. या चिखलात नत्र असतं अमोनियमच्या रूपात. ते मातीच्या कणांना धरून राहतं, पाण्याबरोबर फारसं वाहत नाही. त्यामुळे मुळालाच त्याच्यापर्यंत जावं लागतं. आणि अमोनियम जिथे साठलेलं असेल तिथे मूळ जास्त बारीक फाटे फोडतं. इथे, बोटाजवळ, ती दाट जाळी पाहा.

(दृश्य: साचलेल्या पाण्यावर युरिया फेकणारा हात)

आपण मात्र खत टाकतो वर. युरियात ४६ टक्के नत्र. पाण्यात तो विरघळतो, त्याचं अमोनियम होतं. दुपारच्या उन्हात शेवाळामुळे पाण्याचा सामू (पीएच) चढतो आणि अमोनियमचा अमोनिया वायू होऊन हवेत उडून जातो. उरलेल्यातलं काही चिखलाच्या वरच्या पातळ थरात नायट्रेट, म्हणजे नत्राचं दुसरं रूप, बनतं. ते खाली उतरलं की हवा नसलेल्या मातीतले जिवाणू त्याचा वायू करून टाकतात. फेकलेल्या युरियातलं निम्म्याहून कमी नत्र भाताच्या वाट्याला येतं. बाकीचं हवेत आणि ओढ्यात.

(दृश्य: दोरीवर आवणी, चिखलात गोळी खोचणारा हात)

कृषिशास्त्रज्ञ डॉ. ना. कृ. सावंत यांच्या भातशेतीच्या चारसूत्री पद्धतीत खत मुळांच्या वाटेवरच ठेवतात. चिखलणीच्या आधी गिरिपुष्पाच्या झाडाचा पाला हिरवं खत म्हणून जमिनीत जातो. मग दोरी धरून, २५ आणि १५ सेंटिमीटर अंतर आलटून-पालटून राखत आवणी करायची. जवळजवळच्या चार चुडांच्या चौकोनात युरिया आणि डीएपी (नत्र व स्फुरद देणारं खत) यांची २.७ ग्रॅमची एक गोळी, ७ ते १० सेंटिमीटर खोल. अमोनियम तिथेच मातीला धरून राहतं, वरच्या पाण्यात फारसं येत नाही, आणि चारही बाजूंनी नवी मुळं त्याच्याकडे वाढतात. फुटवे येण्याच्या काळात, भाताला नत्राची खरी ओढ असते तेव्हा, ते हाताशी असतं.

गोळी हाताने खोचायला माणसं लागतात, वेळ लागतो. म्हणून हे काम आवणीच्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी, चिखल मऊ आहे तोवर उरकायचं. गोळ्या पाऊस लागायच्या आधीच घरात आणून बंद पिशवीत, कोरड्या जागी ठेवायच्या. दमट हवेत त्या पाणी धरतात आणि मोडतात.