स्टॅम्प पेपरवर बाळ दत्तक घेता येत नाही!

नमस्कार मंडळी. मागच्या व्हिडिओखाली इंदूर, देवास, महूहून एकच प्रश्न: “ताई, नर्सिंग होममध्ये बाळ आहे, शंभराच्या स्टॅम्पवर लिहून देताहेत. घेऊ का?” नाही. घेऊ नका.

सोपं आधी उरकते. ‘कारा’ म्हणजे दत्तकाचं काम बघणारी केंद्र सरकारची संस्था. तिच्या पोर्टलवर नोंदणी, ३० दिवसांत कागदपत्रं अपलोड, मग सोशल वर्कर घरी येऊन अहवाल करतात. लग्नाला दोन वर्षं झालेली हवीत. दोघांच्या वयाची बेरीज ८५ पर्यंत असेल तर दोन वर्षांपर्यंतचं मूल. ४४ आणि ४२? झाले ८६, म्हणजे पुढचा गट, दोन ते चार. वय नोंदणीच्या तारखेचं धरतात, तेव्हा “दिवाळीनंतर बघू” नको. एकट्या पुरुषाला मुलगी देत नाहीत.

आता तो स्टॅम्प. देणारं कोण? डॉक्टर, नर्स, आया, कुणालाच तो हक्क नाही. नोटरीचा शिक्का मारला म्हणून दत्तक होत नाही. आई मूल सोडतेय तर ते बाल कल्याण समितीपुढे, आणि मन बदलायला तिला दोन महिने. स्टॅम्पवर ही मुदत कुठे असते? उद्या ती दारात उभी राहिली तर?

कायद्यानंही बघा. बाल न्याय कायद्याचं कलम ८०: रीत सोडून मूल घेतलं तर तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. पैसे दिले तर कलम ८१, पाच वर्षांपर्यंत.

आणि शाळेत दाखला मागतील तेव्हा? मग “डिलिव्हरी तुमच्याच नावावर दाखवू” सुरू होतं. म्हणजे खोटा जन्मदाखला! खरा दाखला दत्तक-आदेशावर निघतो, आणि सप्टेंबर २०२२ पासून तो आदेश कोर्ट नाही, कलेक्टर देतात.

एक काका लिहितात, भावाचा मुलगा स्टॅम्पवरच घेतला. काका, तुमचं वेगळं. तिथे १९५६ चा हिंदू दत्तक कायदा: सख्खे आईवडील स्वतः मूल हाती देतात, मूल १५ च्या आतलं. दत्तकपत्र रजिस्टर मात्र करून घ्या. होळकरांच्या गादीवर दत्तक बसलेच की, असंही कुणी सुनावलंय. बसले, पण नर्सिंग होममधून आणलेले नव्हते हो!

कुणी बाळ ‘दाखवतंय’? १०९८ ला, म्हणजे मुलांसाठीच्या हेल्पलाइनला फोन करा.

आणि नोंदणीत दिलेला मोबाईल नंबर बदलू नका. बाळाची माहिती आली की ४८ तासांत ते राखून ठेवायचं असतं.