कॅप्टन नेमोचं सत्तावन्न

(पडदा काळा. फक्त आवाज.)

"तो पहिल्या फळीत लढला. आपला देश सोडवायला उठलेल्या त्या वीरांमधल्या अगदी साध्यातल्या साध्या माणसासारखा त्यानं जीव धोक्यात घातला. वीस चकमकींत तो दहा वेळा जखमी झाला."

आता हेच वाक्य पुन्हा ऐका.

"तो पहिल्या फळीत लढला. त्या करंट्या, वाट चुकलेल्या माथेफिरूंमधल्या अगदी साध्यातल्या साध्या माणसाइतकाच त्यानंही जीव धोक्यात घातला. वीस चकमकींत तो दहा वेळा जखमी झाला."

कादंबरी एकच, गोष्टीतलं सालही एकच, १८५७. जखमासुद्धा दहाच्या दहा शाबूत आहेत. पहिलं वाक्य ज्यूल व्हर्नच्या फ्रेंच 'रहस्यमय बेटा'तलं. दुसरं त्याच्या इंग्रजी भाषांतरातलं, लंडनमध्ये १८७५ साली निघालेल्या. जगभर पिढ्यान् पिढ्या वाचलं गेलं ते दुसरं. आपल्याकडेही बहुतेकांच्या हाती लागलं ते तेच.

(चित्र: नेमोच्या नॉटिलस या पाणबुडीचं दालन. जुन्या फ्रेंच आवृत्तीतलं कोरीव चित्र.)

कॅप्टन नेमो आपल्याला आधी भेटतो तो 'समुद्राखाली वीस हजार लीग'मध्ये. ही कादंबरी १८६९-७० मध्ये पॅरिसच्या एका मासिकातून क्रमशः आली. तिथं नेमोला देश नाही, जात नाही, खरं नावही नाही. एवढंच कळतं, की कुठल्याशा सत्तेनं त्याचं सगळं हिरावून घेतलंय. एका युद्धनौकेवर पाणबुडी घालण्याआधी तो पाणबुडीवर अडकून पडलेल्या प्रोफेसर आरोनाक्सला सांगतो: ज्याच्यावर मी प्रेम केलं ते सगळं, देश, बायको, मुलं, आई, बाप, डोळ्यांदेखत नष्ट झालं. त्याच्या खोलीत एका तरुण स्त्रीचं आणि दोन लहान मुलांचं चित्र टांगलेलं आहे. ती कोण, हे व्हर्न सांगत नाही.

सांगत नाही, कारण सांगू दिलं नाही. व्हर्नच्या मनातला नेमो पोलिश उमराव होता. १८६३ चा पोलंडचा उठाव रशियानं चिरडला, त्यात कुटुंब गमावलेला. प्रकाशक एट्झेल म्हणाला, नको. रशियात पुस्तकं खपायची होती, आणि झारशी फ्रान्सचे संबंधही सांभाळायचे होते. त्यानं उलट सुचवलं, नेमोला गुलामांच्या व्यापाऱ्यांचा शत्रू करून टाक. व्हर्ननं ते मानलं नाही आणि नेमोला बेवतनीच ठेवलं. माझ्या मते तो व्यापारी दबाव पुस्तकाच्या पथ्यावरच पडला. कुठल्याच नकाशात न सापडणारा नेमो जास्त भीतिदायक आहे.

या पहिल्या कादंबरीचं इंग्रजी भाषांतर केलं रेव्हरंड लुईस मर्सियर यांनी. सुमारे पावभाग मजकूर गाळला, आणि उरलेल्यात गंमतीच गंमती. व्हर्ननं नॉटिलसच्या पोलादाची घनता नेमकी दिली आहे, पाण्याच्या सात पूर्णांक आठ दशांश पट. मर्सियरच्या इंग्रजीत ते पोलाद चक्क पाण्याहून हलकं झालं. अशी पाणबुडी बुडवायची म्हणजेच पंचाईत! अमेरिकेतल्या नेब्रास्काच्या उजाड, घळींच्या मुलखाला एक ठरलेलं नाव आहे, बॅडलँड्स. पाद्रीबुवांनी त्याला नुसता 'नकोसा प्रदेश' करून टाकलं. व्हर्न म्हणजे पोरांसाठी लिहिणारा, विज्ञानात कच्चा लेखक, अशी त्याची जी ख्याती इंग्रजी जगात झाली, तिच्यात या भाषांतराचा वाटा मोठा. १९६५ साली वॉल्टर जेम्स मिलर या अमेरिकन अभ्यासकानं या चुका चव्हाट्यावर आणल्या. पण त्या चुका म्हणजे घाई आणि अज्ञान. हसून सोडून द्याव्यात अशा.

पुढचं प्रकरण हसण्यावारी नेता येत नाही.

(दृश्य: लाटा, मग बुंदेलखंडाचा जुना नकाशा.)

'रहस्यमय बेट' १८७४-७५ मध्ये आलं. अमेरिकेच्या यादवी युद्धातून बलूनमध्ये बसून पळालेले पाच जण प्रशांत महासागरातल्या एका बेटावर पडतात आणि त्यांना कुणीतरी अदृश्यपणे मदत करत राहतं. तिसऱ्या भागाच्या अखेरीला तो मदतगार सापडतो. म्हातारा, मरणपंथाला लागलेला कॅप्टन नेमो. आणि आता त्याला देश मिळालेला असतो. तो बुंदेलखंडच्या राजाचा मुलगा, राजपुत्र डक्कर.

डक्कर हे नाव व्हर्ननं कुठून काढलं देव जाणे. शिवाय तो त्याला टिपू सुलतानाचा पुतण्या करतो. कुठं म्हैसूर, कुठं बुंदेलखंड! फ्रान्सशी हातमिळवणी करून इंग्रजांशी लढलेला टिपू फ्रेंच वाचकाला ठाऊक होता, म्हणून त्याचं नातं जोडून दिलं, एवढाच त्याचा अर्थ. १७९९ साली श्रीरंगपट्टणला पडलेला टिपू या पुतण्याच्या जन्माआधीच गेला होता, हेही फ्रेंच वाचकानं मोजलं नसेल.

आता दोन्ही पुस्तकं शेजारी ठेवून वाचू या.

फ्रेंचमध्ये: युरोपात शिकणारा हा राजपुत्र जगातल्या एकाच देशाचा द्वेष करायचा, इंग्लंडचा. आणि काही बाबतींत त्या देशाचं कौतुक वाटायचं, म्हणून जास्तच करायचा. किती खरं माणूसपण आहे या वाक्यात! इंग्रजीत ते नाही.

फ्रेंचमध्ये: त्यानं एका कुलीन भारतीय स्त्रीशी लग्न केलं. देशाच्या दुर्दैवानं तिचंही काळीज त्याच्यासारखंच रक्तबंबाळ होत होतं. इंग्रजीत काळीज गेलं, 'महत्त्वाकांक्षा' आली. बाई नवऱ्याइतकीच महत्त्वाकांक्षी होती म्हणे.

फ्रेंचमध्ये: सत्तावन्नच्या उठावाचा तो प्राण होता, ती प्रचंड उठावणी त्यानं उभी केली. इंग्रजीत: आपला जुना हेतू साधेल असं वाटून तो त्यात सहज ओढला गेला.

आणि मग ते वाक्य, ज्यासाठी हा सगळा खटाटोप. फ्रेंचमध्ये डक्करच्या डोक्यावर इनाम लागतं. त्याला पकडून द्यायला एकही फितूर मिळत नाही. मग त्याच्याऐवजी त्याचा बाप, आई, बायको आणि मुलं किंमत मोजतात. इंग्रजीत? डोक्यावर इनाम लागलं, पण तो पाठलागातून निसटला. पूर्णविराम.

म्हणजे दोन मुलं जन्मली, त्यांच्यावर आईबापांचा जीव होता, इतकं इंग्रजी वाचक वाचतो. पुढं त्यांचं काय झालं, हे पुस्तक त्याला सांगतच नाही. पहिल्या कादंबरीत भिंतीवर टांगलेल्या चित्राचं उत्तर दुसऱ्या कादंबरीत होतं, आणि ते नेमकं गळालं. कुटुंब कुणी मारलं हेच कळलं नाही, तर नेमो म्हणजे एक लहरी, बिथरलेला संस्थानिक. पडद्यावरच्या कित्येक नेमोंचं हेच झालं आहे.

भाषांतरावर नाव होतं डब्ल्यू. एच. जी. किंग्स्टन यांचं. मुलांसाठी सागरी साहसकथा लिहिणारे नावाजलेले लेखक. प्रत्यक्ष काम त्यांच्या पत्नी अ‍ॅग्नेस यांनी केलं, असं आता अभ्यासक मानतात. हे फेरफार त्यांचे की प्रकाशकाच्या कचेरीतले, ते सोडून देऊ. पण ज्यानं केले त्याला फ्रेंच उत्तम येत होतं. कुठल्या शब्दाला कात्री लावायची हे कळण्याइतकं उत्तम. सत्तावन्नात कानपुरात इंग्रज बायकामुलांची कत्तल झाली, त्याला अठरा वर्षंच झाली होती. इंग्रज घरातल्या मुलाच्या हाती, बंडवाल्याला वीर म्हणणारं पुस्तक त्या काळी कोण देणार होतं? कारण समजतं. पण पुढं शंभर वर्षं तीच प्रत छापत राहिले, आणि इंग्रजी शिकलेल्या हिंदुस्थानी मुलांनी आपल्याच उठावाबद्दल 'वाट चुकलेले माथेफिरू' असं वाचलं, ते समजून घ्यायला माझी तयारी नाही.

(दृश्य: मोडी हस्तलिखिताची पानं.)

हे फक्त गोऱ्यांनीच केलं असंही नाही. त्याच सत्तावन्नच्या उठावात झाशीत अडकलेल्या वरसईच्या विष्णुभट गोडशांनी जे डोळ्यांनी पाहिलं ते लिहून ठेवलं. 'माझा प्रवास'. चिंतामणराव वैद्यांनी ते १९०७ साली छापलं, बरेच फेरफार करून. मूळ हस्तलिखितावरून दत्तो वामन पोतदारांनी काढलेली प्रत यायला १९६६ उजाडलं. तिथं तर भाषाही बदलली नव्हती, मराठीतून मराठीतच.

मग फ्रेंच तरी धुतल्या तांदळासारखं आहे का? नाही. छापील पुस्तकात नेमो मरताना म्हणतो, "देव आणि देश!" व्हर्नच्या हस्तलिखितात त्याच्या तोंडी एकच शब्द होता: "स्वातंत्र्य!" देव पुस्तकात आला तो एट्झेलच्या आग्रहानं. त्याचं मासिक कुटुंबात वाचलं जायचं, त्यामुळे नायकानं देवाचं नाव न घेता मरून चालत नव्हतं.

आणि स्वतः व्हर्न? त्याची १८८० ची 'वाफेचं घर' ही कादंबरी मराठी माणसानं जरूर वाचावी. ती सुरू होते ६ मार्च १८६७ च्या संध्याकाळी, तेव्हाच्या औरंगाबादेत. भिंतीवर एक जाहीरनामा लागलाय: दोन हजार पौंडांचं बक्षीस. ज्याच्यासाठी आहे त्याचं नाव धोंडूपंत. अर्थात नानासाहेब पेशवे. वाफेवर चालणारा पोलादी हत्ती, त्याच्या मागे ओढली जाणारी चाकांवरची घरं, आणि त्यात बसून हिंदुस्थान फिरणारा इंग्रज कर्नल मन्रो, ज्याच्या बायकोचा कानपुरात बळी गेला असं सगळे धरून चालतात. इंग्रजांनी कैद्यांना तोफेच्या तोंडी दिलं, हे व्हर्न इथंही लपवत नाही. पण खलनायक ठरतो तो नानासाहेबच.

बुंदेलखंडच्या काल्पनिक राजपुत्राला त्यानं वीर केलं, आणि बिठूरच्या खऱ्या पेशव्याला राक्षस. हे कुण्या किंग्स्टनबाईंनी केलेलं नाही, फ्रेंचमध्येच तसं आहे.

किंग्स्टन प्रत आजही इंटरनेटवर फुकट मिळते, त्यामुळे आजही जास्त तीच वाचली जाते. इंजिनियर सायरस स्मिथचं नाव तिच्यात सायरस हार्डिंग झालं आहे. तुमच्या हातातल्या पुस्तकात हार्डिंग भेटला, तर ते खाली ठेवा. सिडनी क्रॅविट्झ आणि जॉर्डन स्टंप या दोघांची नवी, पूर्ण भाषांतरं २००१ सालीच निघाली आहेत. त्यात तिसऱ्या भागाचं सोळावं प्रकरण उघडा. बाप, आई, बायको आणि मुलं, सगळी तिथं आहेत.