गालिच्यावरची घोरपड

मंडळी, ज्या बाईंविषयी आज बोलायचं आहे त्यांचं पहिलं नाव मी घेणार नाही. ऑस्ट्रेलियाच्या उत्तरेला, आर्नहेम लँडमध्ये, तिथले मूळ रहिवासी योल्ङू लोक गेलेल्या माणसाचं नाव उच्चारायचं टाळतात. 2021 मध्ये त्या वारल्या, तेव्हापासून तिकडे त्यांना ‘डॉ. बी. मारिका’ म्हणतात. आपणही तेवढं पाळू.

जन्म 1954, गाव यिर्काला. त्या आठ-नऊ वर्षांच्या असताना सरकारनं त्यांची जमीन बॉक्साइटच्या खाणीसाठी काढून घेतली. गावानं संसदेला अर्ज धाडला. दोन भाषांत टाइप केलेला कागद, आणि तो चिकटवला झाडाच्या सालीवर. सालीच्या कडांना कुळांची चित्रं. आपल्याकडे सातबारा लागतो ना, तसा त्यांचा सातबारा म्हणजे ती चित्रं! खाण व्हायची ती झालीच. पण चित्र काढणं म्हणजे जमिनीवर हक्क सांगणं, हे त्या घरात लहानपणीच मुरलं. वडील स्वतः मोठे चित्रकार. कुळाची पवित्र चित्रं तोवर पुरुषांकडे असत, ती त्यांनी लेकींनाही शिकवली.

पुढे त्या सिडनीत गेल्या आणि लिनोकट करू लागल्या. लिनोलियमच्या नरम तक्त्यावर उलटं कोरायचं, म्हणजे कागदावर सुलटं उमटतं. 1988 मध्ये त्यांनी एक छाप केला: जांडा, म्हणजे घोरपड, आणि पवित्र पाणवठा. कुळाचे आदिपूर्वज समुद्रातून जिथे किनाऱ्याला लागले, त्या जागेचं हे चित्र. ते काढण्याचा अधिकार कुळानं दिलेला.

आणि हेच चित्र गालिच्यावर आलं! व्हिएतनाममध्ये विणलेले गालिचे पर्थची एक कंपनी विकत होती. आदिजागेवर गिऱ्हाइकांचे बूट. त्या कोर्टात गेल्या, सोबत इतर कलावंत होते. त्यांचं म्हणणं नीट ऐका. ‘माझं चित्र चोरलं’ एवढंच त्या म्हणत नव्हत्या. चित्राचा गैरवापर झाला, तर कुळासमोर जाब मलाच द्यावा लागतो, असं त्या सांगत होत्या. आपला कायदा मालक ओळखतो. राखणदार ओळखायला तो अडखळतो. 1994 मध्ये न्यायाधीशांनी 1,88,640 डॉलर भरपाई दिली. त्यात या सांस्कृतिक हानीचीही रक्कम धरली आणि सगळ्यांना मिळून एकत्रच दिली, म्हणजे वाटणी त्यांच्या रीतीनं होईल. कंपनी मात्र बुडाली होती, पैसे हाती आले नाहीत.

आता थोडं आपल्या घरात डोकावतो. वारल्यांच्या लग्नात धवलेरी, म्हणजे लग्न लावणारी बाई, गाते, सुवासिनी भिंतीवर देवचौक हे लग्नाचं पवित्र चित्र लिहितात, मधोमध पालघट देवी. वारली चित्रांतला तारपा वाद्यावरचा नाच मात्र आज चहाच्या कपावर आहे, पिशवीवर आहे, माझ्याच दिवाणखान्यातल्या पायपुसण्यावर होता. हे व्याख्यान लिहायला बसलो त्या रात्री ते उचललं. फेकवेना, पसरवेना. अजून कपाटात घडी घालून पडलंय.