खटके, दिवे आणि रेडिओवरची खरखर

नमस्कार, श्रोतेहो.

घरात मिक्सर लावला की रेडिओवर खरखर सुरू होते आणि बातम्या ऐकणारा माणूस स्वयंपाकघराकडे बघून ओरडतो. १९७५ साली अमेरिकेत एका गृहस्थानं अशाच खरखरीतून गाणं काढलं. ती खरखर होती त्यानं घरी जोडलेल्या कॉम्प्युटरची.

कॉम्प्युटरचं नाव अल्टेअर ८८००. न्यू मेक्सिकोतल्या अल्बुकर्की शहरातली एमआयटीएस ही छोटी कंपनी आधी कॅल्क्युलेटरचे किट विकायची. बड्या कंपन्यांनी भाव पाडले आणि ही कर्जात गेली. मालक एड रॉबर्ट्स यांनी मग कॉम्प्युटरचंच किट काढलं. इंटेलची ८०८० ही चिप सुटी घ्यायची तर ३६० डॉलर पडायचे. त्यांनी घाऊक सौद्यात ती ७५ डॉलरला मिळवली, म्हणून अख्खं किट ३९७ डॉलरला देणं जमलं. ‘पॉप्युलर इलेक्ट्रॉनिक्स’ मासिकाच्या जानेवारी १९७५च्या मुखपृष्ठावर त्याचा फोटो झळकला. त्या फोटोतला डबा रिकामा होता बरं का! खरं यंत्र मासिकाकडे पाठवताना वाटेतच गहाळ झालं होतं. तरीही मागणी अशी आली की कंपनीची पुरवता पुरवता दमछाक झाली.

खोकं उघडलं की उघड्या सर्किट पाट्या, आयसी म्हणजे चिपा, रेझिस्टर-कपॅसिटरसारखे सुटे भाग आणि वायरी बाहेर यायच्या. रंगाच्या पट्ट्या वाचून रेझिस्टर निवडायचे, आयसीचे पाय न मोडता भोकांत बसवायचे आणि सोल्डरिंगला बसायचं. एक सांधा कच्चा राहिला तर यंत्र ढिम्म. डिप्लोमाच्या लॅबमध्ये ज्यांनी ८०८५ या चिपचं शिकण्यासाठीचं किट हाताळलंय, त्यांना निदान कीपॅड आणि आकडे दाखवणारा डिस्प्ले तरी होता. इथे तेही नाही. दर्शनी पाटीवर खटके आणि लाल दिवे, बस्स. मेमरी २५६ बाइट, आणि एक बाइट म्हणजे आठ एक-शून्यांचा गट. आजच्या पद्धतीनं साठवलं तर तेवढ्यात मराठीच्या दोन ओळीही मावायच्या नाहीत.

प्रोग्रॅम भरायचा तो खटक्यांनीच. वर म्हणजे एक, खाली म्हणजे शून्य. ‘उडी मार’, म्हणजे प्रोग्रॅममधल्या दुसऱ्या जागी जा, हा हुकूम द्यायचा, तर आठांपैकी पहिले दोन खटके वर, मधले चार खाली, शेवटचे दोन वर. मग डिपॉझिटचा खटका दाबला की एक बाइट आत. उडी कुठे मारायची, मेमरीतल्या त्या जागेच्या पत्त्याचे आणखी दोन बाइट. त्यातही पत्त्याचा मागचा अर्धा आधी. वीज गेली की सगळं पुसलं, पुन्हा पहिल्यापासून. आणि एवढं करून दिसायचं काय, तर दिवे लुकलुकताना. याचा उपयोग काय, हे विचारायच्या भानगडीत किट घेणारी ती मंडळी फारशी पडली नसावीत.

कॅलिफोर्नियाचे स्टीव्ह डॉम्पियर हे त्यातलेच. आकडे क्रमानं लावायचा प्रोग्रॅम चालू होता आणि शेजारी हवामान ऐकायला रेडिओ लावलेला होता. प्रोग्रॅम पळू लागला की रेडिओ चिरकायचा. दुसऱ्या कुणी रेडिओ उचलून लांब ठेवला असता. यांनी निरनिराळे प्रोग्रॅम चालवून तो कसा चिरकतो ते ऐकायला सुरुवात केली. त्या यंत्राच्या आतल्या, कामाचा ताल धरणाऱ्या घड्याळाचे सेकंदाला वीस लाख ठोके पडायचे आणि आतल्या तारांतली विजेची उघडझाप अँटेनातून गेल्यासारखी बाहेर पसरायची. तेच हुकूम फेऱ्यात पुन्हा पुन्हा चालवले, तर खरखरीला सूर लागतो. फेरा लांब केला की सूर उतरतो, आखूड केला की चढतो. कुठल्या सुराला केवढा फेरा, याचे आकडे त्यांनी बसवले.

एप्रिल १९७५मध्ये कॅलिफोर्नियातल्या मेन्लो पार्कला होमब्रू कॉम्प्युटर क्लब या हौशी कॉम्प्युटरवाल्यांच्या मंडळाची बैठक होती. डॉम्पियरनी तिथे अल्टेअर मांडला, खटके वरखाली करत एकेक बाइट भरला आणि जवळ छोटा रेडिओ ठेवला. त्यातून बीटल्सचं गाणं वाजलं. टाळ्या थांबेनात, तेव्हा यंत्रानं ‘डेझी’ हे जुनं गाणंही वाजवलं. हेच गाणं १९६१ साली बेल लॅब्ज या संशोधन संस्थेनं आयबीएम कंपनीच्या अवाढव्य कॉम्प्युटरकडून गाऊन घेतलं होतं.

तुमच्याकडे मीडियम वेव्हचा जुना ट्रान्झिस्टर असेल, तर दोन स्टेशनांच्या मधे काटा ठेवून तो चालू कॉम्प्युटरजवळ धरून बघा. गाणं काही ऐकू येणार नाही. आजची यंत्रं फार वेगवान आहेत आणि ही गळती अडवूनच बनवलेली असतात. पण काम बदललं की आवाजही बदलतो का, ते ऐका. फक्त आमचा कार्यक्रम संपल्यावर, नाहीतर आम्हीच बंद पडायचो. नमस्कार.