आवाज जरा पुढे घ्या: डायना रॉसच्या १९८०च्या अल्बमची गोष्ट

[पडद्यावर: रेकॉर्डचं कव्हर. काळं-पांढरं छायाचित्र. कॅमेरा चेहऱ्यावरून हळूहळू खाली जीन्सपर्यंत येतो.]

या फोटोत काय नाही, ते आधी बघा. टिकल्यांनी मढवलेला गाऊन नाही. उंच रचलेला विग नाही. हातात कोपरापर्यंतचे मोजे नाहीत. ओलसर, मोकळे केस, साधा टी-शर्ट, विटलेली जीन्स. फोटो काढलाय फ्रान्सेस्को स्कावुलोनं. फॅशनच्या मासिकांमध्ये तेव्हा त्याचं नाव मोठं होतं. आणि रेकॉर्डवर नाव एवढंच: डायना. आडनाव द्यायची गरज वाटली नाही.

साल १९८०, महिना मे. अमेरिकन गायिका डायना रॉस छत्तीस वर्षांची आहे. तिला एकटीनं गायला लागून दहा वर्षं झालीत. तरी लोकांच्या डोळ्यांसमोर अजून तीन मुलीच येतात. एकसारखे कपडे, एकसारखी पावलं, आणि मधोमध ती.

आठ गाण्यांची ही रेकॉर्ड जेमतेम पस्तीसेक मिनिटांची आहे, आणि जवळपास सगळी नाचायला लावणारी. पण ती तयार होताना जी धुसफूस झाली, तिचा मुद्दा एकच होता. गाण्यात आवाज कुठे ठेवायचा, आणि ते ठरवायचं कोणी?

[पडद्यावर: डेट्रॉइट. विटांच्या चाळवजा इमारती, रस्त्यावर खेळणारी मुलं.]

डेट्रॉइट, मोटारींचं शहर. तिथे ब्रूस्टर-डग्लस नावाची सरकारी वसाहत होती, कृष्णवर्णीय कामगार कुटुंबांसाठी बांधलेली. १९५९ साली याच भागातल्या चार शाळकरी मुलींनी मिळून एक गट केला. नाव ठेवलं प्रायमेट्स. फ्लोरेन्स बॅलर्ड, मेरी विल्सन, बेटी मॅक्ग्लोन आणि डायना. गटाचा मोठा, भरदार आवाज होता फ्लोरेन्सचा. डायनाचा आवाज त्यामानानं बारीक, थोडा नाकातला.

वेस्ट ग्रँड बुलेव्हार्डवरच्या एका साध्या घरात बेरी गॉर्डीची मोटाउन ही रेकॉर्ड कंपनी चालायची. दारावर पाटी होती: हिट्सव्हिल यूएसए. या मुली शाळा सुटली की तिथे जाऊन बसायच्या. कोणाच्या गाण्यात टाळ्या हव्यात? आम्ही वाजवतो. मागे आ-आ करायचंय? आम्ही करतो. जानेवारी १९६१मध्ये करार झाला. नवं नाव फ्लोरेन्सनं निवडलं: द सुप्रीम्स. चारातल्या तिघी उरल्या. पुढची तीनेक वर्षं मात्र एकही गाणं धड चाललं नाही. कंपनीतलेच लोक त्यांना 'नो-हिट सुप्रीम्स' म्हणून चिडवायचे.

१९६४च्या उन्हाळ्यात चक्र फिरलं. त्या वर्षापासून १९६९पर्यंत सुप्रीम्सची बारा गाणी अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेली. बारा! बीटल्सच्या ऐन भरात.

[पडद्यावर: टीव्हीवरचा जुना कार्यक्रम. तिघी एका लयीत हात फिरवताना.]

मोटाउन नुसती गाणी करत नव्हती. माणसंही घडवायची. मॅक्सिन पॉवेल नावाच्या बाई या मुलींना बसायचं कसं, उठायचं कसं, गाडीतून उतरायचं कसं ते शिकवायच्या. उद्या राजवाड्यात गावं लागलं तर तयारी हवी, हा त्यांचा हिशेब. नाचाची पावलं बसवायचा चॉली ॲटकिन्स. कोणतं गाणं, कोणता गाऊन, कोण कुठे उभं राहणार, सगळं ठरलेलं. आणि मुख्य आवाज कोणाचा, तेही गॉर्डीनं ठरवलं: डायनाचा.

निवड चुकीची होती असं म्हणता येत नाही. तेव्हा लोक गाणी ऐकायचे मोटारीतल्या छोट्या स्पीकरवर, खरखरणाऱ्या रेडिओवर. तिथे तो बारीक, धारदार आवाज सुरीसारखा आरपार यायचा. फ्लोरेन्सचा आवाज इतका दणकट की तिला माइकपासून लांब उभं करायचे, असं सांगतात. खरं-खोटं काहीही असो, गटात कोण पुढे आणि कोण मागे, ते त्यातून कळतं.

१९६७मध्ये गटाचं नाव बदललं: डायना रॉस अँड द सुप्रीम्स. त्याच वर्षी फ्लोरेन्सला बाहेर काढलं आणि तिच्या जागी सिंडी बर्डसाँग आली. फ्लोरेन्स १९७६ साली गेली. वय फक्त बत्तीस.

इथे एक तपशील सांगायलाच हवा. डायना असतानाचं सुप्रीम्सचं शेवटचं गाणं १९६९च्या अखेरीस पहिल्या क्रमांकावर पोहोचलं. शीर्षकाचा अर्थ साधारण असा, की एक दिवस आपण पुन्हा एकत्र असू. त्या रेकॉर्डवर मेरी आणि सिंडी गायलेल्याच नाहीत. मागचे आवाज दुसऱ्या गायिकांचे आहेत. नाव गटाचं, विषय एकत्र येण्याचा, आणि गटातली एकटी डायना. पुढे १४ जानेवारी १९७० रोजी लास व्हेगासच्या फ्रंटियर हॉटेलमध्ये निरोपाचा कार्यक्रम झाला, आणि ती गट सोडून निघाली.

[पडद्यावर: सत्तरच्या दशकातली पोस्टरं, भराभर.]

सत्तरचं दशक झटकन सांगतो. गाणी गाजली. सिनेमे केले. पहिल्याच मोठ्या भूमिकेला ऑस्करचं नामांकन मिळालं. ती मोटाउनची महाराणी झाली, पण राज्य गॉर्डीचंच. कोणता सिनेमा करायचा, कोणतं गाणं आधी बाहेर काढायचं, यावर त्याचा शब्द शेवटचा. दशक संपता संपता डायना न्यूयॉर्कला राहायला आली. गॉर्डी आणि कंपनी लॉस एंजेलिसमध्ये. मध्ये अख्खा देश.

[पडद्यावर: बेसबॉलच्या मैदानात धूर, धावणारी गर्दी.]

हे आहे १२ जुलै १९७९, शिकागोचं कोमिस्की पार्क. एका रेडिओ निवेदकानं लोकांना बोलावलं: डिस्कोची एक रेकॉर्ड घेऊन या आणि अठ्ठ्याण्णव सेंटमध्ये सामना बघा. दोन सामन्यांच्या मध्ये त्या रेकॉर्डचा ढीग मैदानातच सुरुंग लावून उडवला. हजारो माणसं मैदानात घुसली. दुसरा सामना होऊच शकला नाही. पाहुणा संघ डेट्रॉइटचा होता.

डिस्को बुडवा ही तेव्हाची घोषणा. त्या संगीताचं मूळ कृष्णवर्णीयांच्या, लॅटिनोंच्या आणि समलिंगी लोकांच्या क्लबांत. त्यामुळे राग नक्की संगीतावर होता की माणसांवर, हा प्रश्न तेव्हाही विचारला गेला. त्यानंतर साधारण पाच आठवड्यांनी एका डिस्को बँडचं गाणं देशात पहिलं आलं. बँडचं नाव शीक. गिटारवर नाइल रॉजर्स, बास गिटारवर बर्नार्ड एडवर्ड्स, ड्रम्सवर टोनी थॉम्पसन. पण वारं फिरलं होतं. काल दारं उघडून बोलावणारे रेडिओवाले आज ओळख दाखवेनात.

अशा वेळी डायनाचा नवा अल्बम बनवायचं काम शीककडे आलं. सगळं जग डिस्कोपासून पळत असताना ही बाई तिकडे चालत गेली. धाडस म्हणा, नाहीतर नाचाची चांगली जाण.

[पडद्यावर: गिटारच्या तारांवर हात, अगदी जवळून.]

रॉजर्स आणि एडवर्ड्स यांनी आधी एक साधी गोष्ट केली. तिला बसवून प्रश्न विचारले. कित्येक दिवस. काय वाटतं, कशाचा कंटाळा आलाय, काय करावंसं वाटतं. रॉजर्स पुढे अनेकदा म्हणाला आहे की इतकी वर्षं गाऊनही हे तिला असं कोणी विचारलं नव्हतं. ती म्हणाली, सगळं उलटंपालटं करायचंय. पुन्हा मजा करायची आहे. या दोघांनी तिचेच शब्द उचलले आणि त्यांची गाणी केली: 'अपसाइड डाउन', 'हॅव फन अगेन'.

'अपसाइड डाउन' नीट ऐका. गिटार तबल्याचं काम करते. डाव्या हातानं तारा अर्धवट दाबायच्या आणि उजवा हात एका मात्रेत चार आघात देत राहतो. तबलजी म्हणेल, चौगुण चालू आहे. खाली एडवर्ड्सचा बास स्वतःची वेगळीच गोष्ट सांगतोय. आणि त्यावर डायना 'इन्स्टिंक्टिव्हली', 'रिस्पेक्टफुली' असले लांबलचक शब्द अलगद उडवत जाते. पॉपच्या गाण्यात एवढे जड शब्द कोणी घालत नाही. रॉजर्सनं ते मुद्दाम घातले.

[पडद्यावर: रात्रीचं न्यूयॉर्क. क्लबचं दार, लाल दिवा.]

दुसऱ्या गाण्याची कथा मात्र नाइट क्लबच्या बाथरूममध्ये सुरू होते. रॉजर्स एका रात्री जीजीज बार्नम रूममध्ये गेला होता. बाथरूममध्ये त्यानं आजूबाजूला पाहिलं, तर इकडे डायना रॉस, तिकडेही डायना रॉस. तिचा वेष करणारे पुरुष. त्याच्या डोक्यात प्रकाश पडला. बाहेर येऊन त्यानं एडवर्ड्सला फोन लावला: 'आय ॲम कमिंग आउट' एवढं लिहून ठेव.

या शब्दांचा समलिंगी लोकांत एक ठरलेला अर्थ होता: लपणं संपलं, आता मी आहे तशी जगासमोर येतेय. डायनाला तो माहीत नव्हता. तिला गाणं आवडलं, आपल्या नव्या आयुष्याचं वाटलं. मग तिनं ते न्यूयॉर्कच्या रेडिओवरचा बडा माणूस फ्रँकी क्रॉकर याला ऐकवलं. तो म्हणाला, याचा अर्थ कळतोय का तुला? याने तुझं करिअर बुडेल. ती हादरून रॉजर्सकडे आली. लोक मला समलिंगी समजतील का? आणि रॉजर्स, हे त्यानं स्वतःच कबूल केलंय, सरळ खोटं बोलला. छे, हे तर तुझ्या आगमनाचं संगीत. राष्ट्राध्यक्ष येताना वाजतं तसं. कार्यक्रमाची सुरुवात तू यानंच करशील.

खरं तर यातलं अर्धं खोटं नव्हतंच. या गाण्यात पितळी वाद्यांची जी ललकारी आहे, ती म्हणजे शुद्ध तुतारी. मधला ट्रॉम्बोन वाजवलाय मेको मोनार्डोनं.

[पडद्यावर: मिक्सिंगचं टेबल. फेडर, म्हणजे आवाज कमी-जास्त करायच्या सरकत्या पट्ट्या, वर-खाली.]

आता येतो भांडणाचा भाग. ध्वनिमुद्रण सुरू असतानाच ठिणग्या उडत होत्या. एडवर्ड्सनं तिला तोंडावर सांगितलं की सूर किंचित खाली लागतोय. मोटाउनमध्ये इतक्या वर्षांत तिच्याशी असं कोण बोललं असेल! शेवटी काम पूर्ण झालं आणि शीकनं आपलं मिक्स दिलं, म्हणजे कोणता आवाज पुढे आणि कोणतं वाद्य मागे हे ठरवून केलेली जुळणी. डायनाला ते पसंत पडलं नाही. क्रॉकरचे शब्द कानात होतेच. तिनं टेप उचलल्या, मोटाउनचा इंजिनिअर रस टेरानाला गाठलं आणि सगळा अल्बम पुन्हा मिक्स केला. शीकला न विचारता. लांबलेले वाद्यांचे तुकडे छाटले. काही ठिकाणी वेग वाढवला. आणि सगळ्यात महत्त्वाचं, आपला आवाज पुढे घेतला.

रॉजर्स आणि एडवर्ड्स भडकले. रेकॉर्डवरून आमची नावंच काढा, इथपर्यंत गोष्ट गेली. नावं राहिली. सप्टेंबर १९८०मध्ये 'अपसाइड डाउन' पहिल्या क्रमांकावर गेलं आणि चार आठवडे तिथेच राहिलं. अल्बम दुसऱ्या क्रमांकापर्यंत पोहोचला. तिच्या एकटीच्या अल्बमांत सर्वाधिक खपलेला हाच.

पुढे २००३मध्ये मोटाउननं विशेष आवृत्ती काढली आणि त्यात शीकचं मूळ मिक्सही दिलं. त्यामुळे आता दोन्ही शेजारी ठेवून ऐकता येतात. मी ऐकली आहेत, एकदा नव्हे. नाचायचं असेल तर शीकचं मिक्स सरस आहे. बासला श्वास घ्यायला जागा आहे. एकेक वाद्य बाजूला होतं, पुन्हा येऊन मिळतं, पाय थांबत नाहीत. पण त्यात डायना पाहुणीसारखी येते. मैफल शीकची, त्यात एक गायिका. डायनाच्या मिक्समध्ये वाद्यं थोडी दाटीवाटीनं उभी आहेत, आणि दारातून ती येते.

१९८०च्या सोळा वर्षं आधी हाच आवाज गॉर्डीनं पुढे आणला होता, आणि त्यासाठी दोन मुलींना मागे सारलं होतं. यावेळी फेडरवरचा हात तिचा होता. मागे सरले ते जगातले उत्तम गिटारवाले आणि बासवाले. त्यांचा राग समजतो. मला विचाराल तर माझं मत तिच्या बाजूनं.

आठही गाणी एका तोलाची आहेत असं नाही. 'गिव्ह अप' मला आजही भरीचं वाटतं. उलट 'माय ओल्ड पियानो' ही झकास गंमत आहे. बाई चक्क आपल्या पियानोच्या प्रेमात आहे! ब्रिटनमध्ये ते पाचव्या क्रमांकावर गेलं.

१९८१मध्ये डायनानं मोटाउन सोडलं. आरसीए कंपनीशी करार झाला. आकडा छापून आला दोन कोटी डॉलर, त्या काळातला सगळ्यात मोठा समजला गेलेला. करिअर बुडवेल म्हणून सांगितलेलं 'आय ॲम कमिंग आउट' पाचव्या क्रमांकापर्यंत गेलं, समलिंगी लोकांच्या प्राइड मिरवणुकांत पोहोचलं आणि तिथेच राहिलं. १९९७मध्ये रॅपर नोटोरियस बी.आय.जी.च्या एका गाण्यात त्याचा तुकडा वापरला गेला, तेही पहिलं आलं. पुष्कळ तरुणांना ती गिटार तिथूनच ठाऊक आहे.

[पडद्यावर: ग्लास्टनबरी, जून २०२२. रविवार दुपार, माणसांचा समुद्र.]

इंग्लंडमधला ग्लास्टनबरीचा संगीत महोत्सव. डायना रॉस अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे. रंगमंचावर अजून कोणी नाही. गिटारची चौगुण सुरू होते. ड्रम्स दणकतात. मग तुतारी.

चमचमता गाऊन घालून ती येते. जीन्स नाही.

[संगीत वर. पडदा काळा.]